कोरी बाटली

लिफ्टचं दार उघडलं आणि आतली माणसं एकमेकांना ढकलत बाहेर पडली. कुणी नाकाला रुमाल लावलेला, कुणी नुसतंच कोपर. सफाईवालीच्या हातातला फिनेलचा कॅन आत फुटला होता आणि त्या एवढ्याशा पेटीत वासाने नुसता धुमाकूळ घातला होता. बाहेर लिफ्टची वाट बघत असलेली ती चटकन मागे सरली. हातातल्या ट्रेवर झाकण होतं, तरी तिने तो छातीशी धरला.

सगळे उतरले असं वाटलं, तर आत एक जण उभाच. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांत लाकडाचा भुसा, पाठ आरशाला टेकलेली. बुटांखाली फिनेलचं तळं आणि साहेब मजेत.

"काय झालं? बंद पडली का?" त्याने विचारलं.

"लिफ्ट नाही हो... वास. तुम्हाला येत नाही?"

"नाही," तो हसला. "म्हणून तर वर निघालोय. तिसऱ्या मजल्यावर वासाची बाई बसते म्हणे."

"मग जिन्याने चला," ती म्हणाली. "वासाची बाई पण जिन्यानेच चाललीय."

तो एवढा ओशाळला की पुढचे दोन जिने त्याने तोंडातून शब्द काढला नाही. तिला मात्र मास्कच्या आत हसू आवरेना. मास्क लावणाऱ्या माणसांची ही एक चैन असते.

तिसऱ्या मजल्यावरची ती खोली इस्पितळाच्या जुन्या भागात होती. तापानंतर ज्यांचा वास गेला तो परत आलाच नाही, अशा लोकांसाठी नाकात घालायचे नवे थेंब तयार झाले होते. ते खरोखर काही करतात का, हे तिथे तपासून बघत होते. अर्ध्या लोकांना औषध, अर्ध्यांना नुसतं मीठ-पाणी. कुणाला काय मिळतंय हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. सगळ्या कामाच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनासुद्धा अभ्यास संपेपर्यंत ते कळणार नव्हतं.

आणि कुणाचं नाक कुठवर आलंय हे मोजण्याचं काम तिचं होतं. दर आठवड्याला एकेक जण तिच्यासमोर बसे. डोळ्यांवर काळी पट्टी. एकामागून एक तीन बाटल्या ती नाकाखाली धरी. एकीत गुलाबाचा अगदी पुसट वास, बाकीच्या दोन कोऱ्या, म्हणजे नुसतं बिनवासाचं तेल. वासाची कुठली ते ओळखायचं. दिवसभर हेच चाले, म्हणून लोक तिला बाटलीताई म्हणत.

परीक्षा घेणाऱ्याला स्वतःचा वास असता कामा नये, हा तिथला पहिला नियम. साबण बिनवासाचा, केसांना तेल नाही, कपडे नुसत्या सोड्यात धुतलेले, डब्यात कांदा-लसूण नाही. वर मास्क आणि पांढरे सुती हातमोजे. ती जिच्याकडे राहायची ती तिची आत्या अत्तराची भारी शौकीन. पण भाचीच्या नोकरीपायी बिचारी शेजारणीकडे जाऊन अत्तर लावायची आणि ते उडाल्यावर घरी यायची.

"बाई आहेस की धुऊन पालथी घातलेली बरणी?" आत्या म्हणायची. "ना गंध, ना गुण."

आत्या थट्टेने म्हणे, पण ते तिला लागे. इतकी वर्षं हे केल्यावर तिला खरंच वाटू लागलं होतं की आपण खोलीत आलो काय नि गेलो काय, कुणाला पत्ता लागत नाही. मागे एका स्थळाने तर भेट झाल्यानंतर मध्यस्थाला विचारलं होतं, "मुलगी आली होती ना?" आत्या ते सांगून अजून पोट धरून हसायची. तीही हसायची. मग भांडी घासायला घ्यायची.

असो. तर लिफ्टमधला तो माणूस सुतार निघाला. दारं, खिडक्या, खुर्च्या करायचा. बापाच्या वेळचा छोटा कारखाना होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने ती खुर्ची हलवून पाहिली.

"हिचा मागचा पाय सैल आहे."

"नाकाकडे लक्ष द्या."

"नाक कुठे आहे लक्ष द्यायला," तो म्हणाला. ती पट्टी बांधू लागली तसा मुकाट्याने मान खाली घालून बसला. "तुम्हाला बाटलीताई म्हणतात ना?"

"म्हणतात."

"मी नाही म्हणणार."

"का बरं?"

"उगाच नातं जोडून कशाला ठेवा... पुढे अडचण व्हायची."

हातातली बाटली निसटता निसटता राहिली. गेल्या कित्येक महिन्यांत त्या खुर्चीत बसून तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

"मग काय म्हणणार?"

"सुचलं की सांगतो. तोवर नुसतं ‘अहो’."

"बरं... पहिली," ती शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली. "दुसरी... तिसरी. कुठल्या बाटलीत वास आहे? कळत नसेल तर अंदाजाने सांगा, पण एक सांगायलाच हवी."

त्याने अंदाजाने सांगितली. कधी लागली, कधी नाही. बरोबर की चूक हे तिने सांगायचं नव्हतंच. पट्टी सोडल्यावर तो तिच्या डोळ्यांत उत्तर शोधायचा आणि ती चटकन झाकणं लावायला घ्यायची.

पुढच्या आठवड्यात तो आला तो खिशात पाचर आणि छोटी हातोडी घेऊन. परीक्षेआधी त्याने खुर्चीचा पाय पक्का करून दिला.

थेंब घातल्यावर थोडा वेळ मान मागे टाकून बसावं लागे. त्या वेळात तो बोलायचा. छताकडे बघत बोलणं सोपं जातं.

"वास गेलाय हे आधी कळलंच नाही. आईच्या हातून दूध करपलं आणि मी ‘छान झालंय’ म्हणून पिऊन टाकलं. ती आठवडाभर खुशीत."

"आणि मग?"

"मग..." तो थांबला. "कारखान्यात भुसा धुमसत होता. मी तिथेच रंधा मारत होतो. पाठीला धग लागली तेव्हा मागे वळून पाहिलं. अर्धी भिंत गेली. शेजारच्या खोलीत आई झोपली होती."

तिने थेंबांची बाटली बंद करून बाजूला ठेवली.

"तेव्हापासून आई रोज येऊन बसते. कोपऱ्यात, स्टुलावर. काम काही करत नाही. माझं नाक म्हणून बसते." तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "गुडघे दुखतात तिचे. भुशाने खोकला लागतो. ‘घरी जा’ म्हटलं तर म्हणते, ‘नाक घरी ठेवून कुणी कामाला जातं का?’ मी ठरवलंय... तुमच्या अर्ध्या टप्प्यापर्यंत बघायचं. काही झालं नाही तर कारखाना बंद. एका फर्निचरवाल्याने नोकरी देऊ केलीय. दुकानात उभं राहून दुसऱ्यांनी केलेल्या खुर्च्या विकायच्या."

अर्धा टप्पा म्हणजे काय, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिथे सगळ्यांची मोठी तपासणी व्हायची. ज्याच्यात तसूभरही फरक नाही त्याचे थेंब थांबवून त्याला घरी पाठवायचं, असा नियम होता.

त्या दिवशी मोठ्या बाई राउंडवर गेल्या होत्या. तिने त्याला शेजारच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. त्याचं स्वतःचं काही दाखवायचं नव्हतं. विद्यार्थ्यांना शिकवायला ठेवलेली एक जुनी काच होती.

"हे बघा. नाकाच्या अगदी वरच्या छताला टपालाच्या तिकिटाएवढी जागा असते. ही तिथली."

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. जांभळ्या रंगात उभ्या उभ्या पेशी, दाटीने, आणि त्यांच्या टोकांना बारीक झालर.

"या मेंदूच्या नसा आहेत," ती हळूच म्हणाली. "थेट बाहेर आलेल्या. बाकी सगळीकडे मेंदू हाडाच्या पेटीत लपून बसतो. फक्त इथे तो हवेला हात लावतो."

"आणि माझ्या जळाल्या."

"जळाल्या. पण ऐका ना... या एवढ्याच नसा अशा आहेत की मरतात आणि पुन्हा जन्मतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. आयुष्यभर. नवी नस खालून उगवते, हाडातल्या बारीक छिद्रातून अंधारात वर चढते आणि मेंदूत बरोबर आपली जागा शोधते. गुलाबाची गुलाबाच्या जागी, धुराची धुराच्या."

"तिला रस्ता कोण सांगतं?"

"नक्की माहीत नाही कुणालाच."

तो सरळ झाला. डोळे लहान मुलासारखे मोठे झाले होते. "म्हणजे आत्ता, मी इथे उभा असताना, माझ्या नाकात सुतारकाम चालू असेल?"

"असेल."

"आणि मी त्याला शिव्या घालत बसलोय," तो पुटपुटला, आणि नकळत नाकाला हात लावला. मोठ्या माणसांत सहसा उरत नाही असं काहीतरी त्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती ते बघत राहिली. ही काच तिने शंभर जणांना दाखवली असेल. आज तिला त्या काचेचं नव्याने नवल वाटलं. आणि दुसरंही काहीतरी वाटलं, ते मात्र तिने झाकण लावून ठेवलं.

मग थंडी पडली. कोऱ्या बाटल्या रोज सकाळी ताज्या भरायच्या असत, त्याही समोरच्या इमारतीत. तिथून इथवर मोकळं अंगण. गार वाऱ्यात तेल घट्ट होई आणि काच बर्फासारखी लागे. वासाच्या बाटल्या मात्र परीक्षेच्या खोलीतच कपाटात असत, त्या कोमट. सगळ्या बाटल्या सारख्या हव्यात, नाहीतर गारव्यावरून कुणी ओळखायचं! ती कामाला इतकी चोख की तिने लगेच उपाय काढला. कोऱ्या बाटल्या कोटाच्या आत, स्वेटरच्या आतल्या खिशात घालून ती अंगण ओलांडू लागली. खोलीत पोचेपर्यंत बाटल्या छान कोमट व्हायच्या. तिला स्वतःच्या युक्तीचं जरा कौतुकही वाटलं होतं.

याच दिवसांत सुतार भलतंच बोलू लागला.

"पहिली... दुसरी... तिसरी. कुठल्या बाटलीत?"

त्याने कपाळाला आठी घातली. "पुन्हा एकदा द्या... दोन्हीत आहे."

"दोन्हीत?"

"पहिलीत आहे आणि तिसरीत आहे. मधली रिकामी."

मधलीत गुलाब होता. "एकच सांगायची," ती म्हणाली.

"मग तिसरी. वास म्हणावा का ते कळत नाही... पण काहीतरी आहे. बरं वाटतं."

"बरं वाटणं लिहायला इथे जागा नाही."

"मग लिहू नका. तुम्ही ऐकलंत ना, झालं."

तो थट्टा करतोय, वेळ काढतोय, असंच तिला वाटत राहिलं. दर आठवड्याला तो मोठ्या खात्रीने कोरी बाटली उचलायचा आणि दर आठवड्याला ती फुली मारायची. पट्टी सोडताना तिचे हात जड व्हायचे. तो मात्र दिवसेंदिवस खुलत चालला होता. "आज जास्त लागतोय हो... आईला सांगितलंय, अर्ध्या टप्प्यानंतर स्टूल घरी नेऊ." ती झाकणं लावत राही. एकदा तो दारापाशी थांबून म्हणाला, "हे सगळं संपल्यावर मी कोण, तुम्ही कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे... तेव्हा तुम्हाला कुठे भेटायचं झालं, तर नियम आडवा येतो का?"

"संपेपर्यंत येतो," ती म्हणाली. आणि तो वळल्यावर, त्याच्या पाठीला, मनातल्या मनात, ‘संपल्यावर नाही.’

मोठ्या तपासणीच्या आदल्या सकाळी ती बाटल्या घेऊन अंगण ओलांडत होती. काल संध्याकाळी तिने त्याचे निकाल एकत्र केले होते. थंडी पडल्यापासून एकही बरोबर नव्हतं. उद्या त्याला घरी पाठवणार. त्याला हे कोण सांगणार, कसं सांगणार, याच विचारात ती चालत होती. निदान एक तरी लागावी ना माणसाची! अंदाजाने बोट ठेवलं तरी तिनातली एक लागते. भिंतीला विचारलं असतं तरी एखादी लागली असती. याची एकही नाही...

एकही नाही.

ती अंगणाच्या मधोमध थांबली. मागून येणारा वॉर्डबॉय तिच्यावर आदळता आदळता राहिला.

ज्याला काहीच कळत नाही तो कधीतरी बरोबर येतोच. दर वेळी न चुकता चुकायचं, तर काहीतरी कळावं लागतं. दोन्हीत आहे, तो म्हणाला होता. बरं वाटतं, म्हणाला होता. दोन्ही कोऱ्यांत. आणि आत्ता तिचा उजवा हात कोटाच्या आत, स्वेटरच्या आत, त्या कोमट बाटल्यांवर होता.

तिने एक बाटली काढली, मास्क खाली ओढला आणि नाकाशी धरली. काही नाही. पुन्हा धरली. काहीच नाही. कसं असणार? जगातला तो एकच वास होता, जो तिला येऊ शकत नव्हता.

गार वारा सुटला होता आणि तिचे कान तापले होते. त्या माणसाच्या नाकात, अंधारात, कुठलीतरी नवी नस वर चढली होती. गुलाबाची नाही, धुराची नाही. आणि सगळ्यात आधी त्या नसेने तिच्या वासाची जागा शोधली होती. ती तिथेच उभी राहून रडली. थोडंसंच, कारण बाटल्या पुन्हा गार होत होत्या.

गप्प बसणं सोपं होतं. आजपासून बाटल्या ट्रेमधून आणायच्या, कुणाला काही कळलं नसतं. पण मग त्याच्या नावावरच्या फुल्या तशाच राहिल्या असत्या आणि उद्या तो दुकानात उभा राहायला गेला असता. ती तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मोठ्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"थंडीतली सगळी मोजणी गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळ्यांची. पुन्हा करावी लागेल."

"हो."

"आणि तुला बाटल्यांवरून काढावं लागेल."

"हो."

"सुताराला भेटायचं नाही. अभ्यास संपेपर्यंत."

"...हो."

मग त्यांनी त्याचे निकाल पुढे ओढले आणि त्या फुल्यांवरून बोट फिरवलं. बोट मधेच थांबलं. आवाज एकदम बदलला, एखाद्या मुलीसारखा झाला. "अगं... इतकं चुकायलासुद्धा नाक लागतं."

दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायला लंबू बसला. प्रयोगशाळेतला तिचा सहकारी. उंचीमुळे हे नाव, आणि गंभीर इतका की त्याच्यासमोर कुणाला शिंकही येऊ नये. ती आतल्या खोलीत, दार किलकिलं ठेवून.

"त्या कुठायत?" बसताच सुताराने विचारलं.

"दुसऱ्या कामावर. पहिली... दुसरी... तिसरी."

बाटल्या आज ट्रेमधून आल्या होत्या.

"पुन्हा द्या." बाटल्या पुन्हा किणकिणल्या. "तिन्ही रिकाम्या आहेत."

"एक सांगायला हवी."

"काय सांगू?" त्याने बाटली हाताने दूर सारली. "गेला. होता तो पण गेला... राहू द्या. सोडा पट्टी."

आत तिने दाराची कड घट्ट धरली. बाहेर जाऊन सांगावं, गेला नाही हो, बाटलीच बदललीय. पण पाय हलवायचा नव्हता.

"थांबा," मोठ्या बाईंचा आवाज आला. "पट्टी राहू दे. आणखी एक बघू. हे नियमात नाही. जसं होईल तसं मी अभ्यासाच्या समितीला लिहून कळवणार आहे."

त्यांनी तीन सुती हातमोजे आणले. एक लंबूने सकाळपासून घातलेला, एक खुद्द मोठ्या बाईंनी, आणि एक तिने. तिन्ही हीटरवर सारखे गरम केलेले, ऊब लागून ओळखायची सोय नको म्हणून. लंबूला कुठला कुणाचा ते ठाऊक नव्हतं. त्याने पहिला धरला.

"काही नाही," सुतार म्हणाला.

दुसरा.

"यात आहे काहीतरी... पण ते नव्हे."

तिसरा. खुर्ची करकरली. किलकिल्या दारातून तिला एवढंच दिसलं, की तो हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता आणि पट्टीखालून गालावर पाणी आलं होतं.

"हाच," तो म्हणाला. "गेला नाहीये. इथे आहे."

मोठ्या बाईंनी मोजे मागे-पुढे केले, पुन्हा विचारलं. पुन्हा तोच. परत केले. परत तोच. शेवटी त्यांनी विचारलं, "कसला वास आहे हा? सांगता येईल?"

"लाकूड वरून सगळं सारखंच दिसतं बघा," तो सावकाश म्हणाला. "धुळकट. रंध्याचा पहिला हात फिरला की साल निघते आणि आतलं लाकूड पहिल्यांदा हवेला लागतं. तेव्हा एक वास येतो. क्षणभरच. गोड नाही, उग्र नाही... स्वच्छ, आणि ऊबदार. तो ज्याला मिळतो त्याला वाटतं, हे आपल्यासाठीच ठेवलं होतं. तसा आहे." मग जरा थांबून, "कुणाचा आहे हो हा मोजा?"

"ते अभ्यास संपल्यावर," मोठ्या बाई म्हणाल्या. आणि त्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. लंबूने गंभीरपणे नाक शिंकरलं.

आत ती भिंतीला टेकून उभी होती. धुऊन पालथी घातलेली बरणी. मुलगी आली होती ना? तिने स्वतःचं मनगट नाकाशी नेलं, आणि काहीच लागलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

सुताराचे थेंब चालू राहिले. ती समोरच्या इमारतीत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचा रंगवत बसली. अंगणातून तो दर आठवड्याला जायचा-यायचा आणि खिडकीखाली आला की उगाचच चाल मंद करायचा. नियम न भेटण्याचा होता, न बघण्याचा नव्हता. पुढे पुढे त्याचं एकेक परत येऊ लागलं. आधी कॉफी, मग धूर, मग सर्वांत शेवटी तो गुलाब. लंबूने हे तिला सांगितलं नाही, फक्त एक दिवस जेवताना म्हणाला, "आज लिफ्टमध्ये पुन्हा फिनेल सांडलं होतं. तुझ्या त्या सुताराने लिफ्ट सोडली. जिन्याने आला."

अभ्यास संपला. कुणाला काय दिलं त्याची यादी उघडली. औषध घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा वास परत आला होता. मोठ्या बाई त्या दिवशी व्हरांड्यात एकट्याच येरझारा घालत होत्या, आणि कुणी काही विचारलं की नुसत्या हसत होत्या. ती मात्र त्या संध्याकाळी सरळ कारखान्याच्या पत्त्यावर गेली. मास्क नव्हता. पर्समध्ये वासाचा साबण होता, इतक्या वर्षांनी विकत घेतलेला. अजून उघडला नव्हता.

कोपऱ्यात स्टूल रिकामं होतं. "आई?" तिने विचारलं.

"घरी. म्हणते, आता तुझं नाक तू सांभाळ." त्याने रंधा खाली ठेवला. "कळलं मला. मोठ्या बाईंचा फोन आला होता. वर्षभर मीठ-पाणी घातलं मी नाकात. नुसतं मीठ-पाणी!"

"हो. काहींचं आपोआप परत येतं. कुणाचं, का, ते नाही माहीत. म्हणून तर मीठ-पाणी द्यावं लागतं, म्हणून तर कोऱ्या बाटल्या ठेवाव्या लागतात. नाहीतर तुमचं श्रेयसुद्धा औषधानेच घेतलं असतं."

"मग माझं कुणी केलं?"

"तुमच्याच नसांनी. अंधारात. कुणी न सांगता." ती खाली बघून म्हणाली. "मला वाटतं, एवढं मोठं मी आजवर काही पाहिलं नाही."

"आणि मोजा तुमचा होता."

"...मोठ्या बाईंनी सांगितलं?"

"त्यांनी कशाला सांगायला हवं? आत्ता दारातून आलात ना." तो जरा पुढे आला, थांबला. "मला तुम्ही आवडता. त्या लिफ्टपासून. तेव्हा तर नाकही नव्हतं... म्हणजे नाकाचा काही संबंध नाही, एवढं लिहून घ्या."

"लिहायला इथे जागा नाही," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. मग ती म्हणाली, "पण हे बरोबरीचं नाही झालं. तुम्ही मला ओळखता. मी वर्षभर मास्कमध्ये होते. मला तुमचा काहीच पत्ता नाही."

त्याने खिशातला रुमाल काढला, झटकला आणि तिच्या डोळ्यांवर बांधला.

"पहिली," तो म्हणाला. नाकाशी काहीतरी आलं. राळ, तीक्ष्ण, देवदार असावा. "दुसरी." हे सागवान, तेलकट, जुन्या कपाटासारखं. "तिसरी..."

तिसरं काही लाकूड नव्हतं. भुसा होता त्यात, सरस होता, हत्याराचं लोखंड होतं. आणि त्या सगळ्याच्या खाली, ऊबदार, आणखी एक काहीतरी, ज्याला तिच्या कपाटातल्या कुठल्याच बाटलीवर नाव नव्हतं. तो तळहात होता. तिने श्वास आत घेतला आणि सोडायचा विसरली. आपल्याही नाकाच्या छताला ती तिकिटाएवढी जागा आहे, हे तिला इतकी वर्षं पाठ होतं. आज ते पहिल्यांदा कळलं.

"कुठलीत आहे?" त्याने विचारलं.

"तिन्हीत आहे."

"अगं, एकच सांगायची."

तिने चाचपडत तो हात दोन्ही हातांत धरला. "ही," ती म्हणाली, आणि रुमाल सोडायची घाई कुणालाच नव्हती.